पिनविना पैसे : संमती कोणाची, जोखीम कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. खारबंदिस्ती फुटून भातशेतीत खारे पाणी शिरते, मच्छीमारांच्या डिझेल परताव्याची रक्कम अडकून पडते, किनाऱ्यावरील जमिनी हातोहात विकल्या जातात. असे प्रश्न समोर उभे असताना बँकेच्या डेबिट कार्डावरील एका सोयीची चर्चा कार्यकर्त्यांनी का करावी, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि आर्थिक सत्ता नेहमी मोठ्या निर्णयांच्या रूपानेच माणसाच्या दारात येते असे नाही. पुष्कळदा ती एखाद्या छापील अर्जावरील बारीक अक्षरांतून येते, आणि ‘ही तुमच्याच सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे’ असे सांगत येते. म्हणून अशा सोयीचे अर्थशास्त्र कार्यकर्त्याला ठाऊक असणे जरूर आहे.

प्रथम ही सोय काय आहे ते नीट समजून घेऊ. अलीकडे मिळणाऱ्या बहुतेक डेबिट कार्डांवर चार वक्र रेषांची एक लहानशी खूण असते. बोलण्यात अशा कार्डाला ‘वायफायचे कार्ड’ म्हणतात. वस्तुतः वायफायशी त्याचा काही संबंध नाही. कार्डाच्या पोटात तारेचे एक बारीक वेटोळे असते. दुकानातील यंत्राजवळ कार्ड नेले की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि कार्डावरील चिप यंत्राशी संवाद साधते. कार्ड यंत्रात घालावे लागत नाही आणि ठरावीक रकमेपर्यंत पिनही विचारला जात नाही. कार्ड टेकवले की पैसे गेले. बँका याला ‘कॉन्टॅक्टलेस’ किंवा ‘टॅप अँड पे’ म्हणतात.

या सोयीविषयी दोन प्रकारचा अपप्रचार चालतो. एक तिच्या बाजूने आणि दुसरा तिच्या विरोधात. विरोधातील अपप्रचाराचा आधी समाचार घेऊ, कारण कार्यकर्त्याने भीती पसरवून लोकशिक्षण करू नये. मांडव्याच्या लाँचच्या गर्दीत किंवा एसटीच्या रेटारेटीत एखादा भामटा खिशाजवळ यंत्र नेऊन पैसे काढून घेईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती बव्हंशी अतिरंजित आहे. हा संवाद काही सेंटिमीटरच्या अंतरातच होतो. प्रत्येक व्यवहारासाठी चिप नवा संकेतांक तयार करते, त्यामुळे एका व्यवहाराचा संकेतांक चोरून दुसऱ्यांदा वापरता येत नाही. शिवाय पैसे स्वीकारणारे यंत्र कोणाच्या तरी बँक खात्याला जोडलेले असते आणि ते खाते उघडताना ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. अशा रीतीने चोरी करणारा आपला पत्ताच मागे ठेवून जाईल.

खरा धोका याहून साधा आहे. कार्ड हरवले किंवा चोरीला गेले, तर ते ज्याच्या हाती पडेल त्याला पिन माहीत असण्याची गरज उरत नाही. पूर्वी कार्ड आणि पिन अशी दोन कुलुपे होती. या व्यवहारात त्यांतले एक काढून ठेवलेले आहे. हरवल्याचे लक्षात येऊन कार्ड बंद करेपर्यंत एकदाच नव्हे, तर अनेकदा ते टेकवले जाऊ शकते.

आता या कुलपाचा इतिहास पाहू. रिझर्व्ह बँकेने मे २०१५ मध्ये अशा व्यवहारांना प्रथम सवलत दिली. तेव्हा पिनविना व्यवहाराची मर्यादा २,००० रुपये होती. त्याच परिपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट नमूद होती. ग्राहकाला या पद्धतीची सक्ती करता येणार नाही; लहान रकमेसाठीसुद्धा त्याला कार्ड यंत्रात घालून पिन वापरायचा असेल, तर बँकांनी तशी व्यवस्था ठेवलीच पाहिजे. दिवसात किंवा महिन्यात असे किती व्यवहार होऊ द्यायचे, हे ठरविणे मात्र बँकांवर सोपविण्यात आले.

पुढील महत्त्वाचे पाऊल १५ जानेवारी २०२० रोजी पडले. रिझर्व्ह बँकेने आदेश दिला की नवे किंवा बदलून दिलेले प्रत्येक कार्ड फक्त देशातील एटीएमवर आणि दुकानातील यंत्रात घालूनच चालावे. ऑनलाइन खरेदी, परदेशातील वापर आणि टेकवून होणारा व्यवहार या तिन्ही वाटा बंद असाव्यात आणि ग्राहकाने सांगितल्यावरच त्या उघडाव्यात. ज्या जुन्या कार्डांवर असे व्यवहार कधीच झालेले नव्हते, त्यांच्यावरील या सोयी बंद करणे सक्तीचे ठरले. याशिवाय ग्राहकाला कोणत्याही वेळी ही सोय चालू करता यावी, बंद करता यावी आणि आपली मर्यादा कमी-जास्त करता यावी, अशी व्यवस्था मोबाइल अॅप, इंटरनेट बँकिंग, एटीएम, फोन अशा मार्गांनी बँकांनी दिली पाहिजे असेही सांगितले गेले. करोनाच्या साथीमुळे अंमलबजावणी लांबली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ती सुरू झाली.

हा आदेश स्वागतार्ह होता हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. त्याने एक तत्त्व मान्य केले : दार मुळात बंद असावे आणि ते उघडण्याचा अधिकार मालकाकडे असावा. आधी दार उघडे ठेवायचे आणि ज्याला भीती वाटेल त्याने येऊन ते लावून घ्यावे, ही रीत त्याने अमान्य केली. पण हे तत्त्व लागू होऊन जेमतेम तीन महिने झाले, तोच १ जानेवारी २०२१ पासून पिनविना व्यवहाराची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपयांवर नेण्यात आली. साथीच्या काळात यंत्राला हात लावावा लागू नये हे कारण पुढे करण्यात आले. साथ ओसरली, मर्यादा मात्र खाली आली नाही.

इंग्लंडमध्येही हेच घडले. तेथे २००७ मध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा मर्यादा १० पौंड होती. २०१५ मध्ये ती ३० झाली, साथीच्या आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, ४५ झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १०० पौंडांवर गेली. अशा मर्यादा वर चढतात त्या सहसा उतरत नाहीत.

५,००० रुपये ही रक्कम कोणाच्या दृष्टीने लहान आहे, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत हा ‘अल्प मूल्याचा’ व्यवहार आहे. शनिवार-रविवार अलिबाग, काशीद किंवा दिवेआगरला मुक्कामाला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला ती तशी वाटेलही. पण रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी ठरलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने ५,००० रुपये म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. जुलै २०२४ पासून राज्य शासनाने लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यावर जमा करण्याचे ठरविले. त्या मापाने ५,००० रुपये म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाचे हप्ते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेपासून गरिबांची खाती मोठ्या संख्येने उघडली गेली आणि त्यांच्या हाती रुपे कार्डे आली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु श्रीमंताच्या खर्चाच्या मापाने आखलेली मर्यादा त्याच कार्डांनाही लागू होते, आणि एकच आकडा एकाच्या दृष्टीने चिल्लर तर दुसऱ्याच्या दृष्टीने घरखर्च असतो, याचा विचार मर्यादा ठरविताना होत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘ज्याला नको त्याने सोय बंद करावी, अधिकार तर दिलेलाच आहे.’ अर्थशास्त्रात निवडीचे स्वातंत्र्य आणि निवडीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याजवळ स्वतःचा स्मार्टफोन आहे, ज्याला बँकेचे अॅप वापरता येते, त्याला ही सोय बंद करायला एक मिनिट लागते. त्याच्या दृष्टीने या स्वातंत्र्याची किंमत शून्य आहे. आता म्हसळा किंवा श्रीवर्धन तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या स्त्रीचा विचार करा. खाते तिच्या नावाचे, पण खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बहुधा पनवेलला किंवा मुंबईला कामाला असलेल्या मुलाचा. बँकेचा संदेश त्याच्याकडे जातो. एटीएमच्या पडद्यावर कोणत्या सूचीत कोणता पर्याय दडलेला आहे हे तिला कोणी दाखविलेले नाही. फोनवरील यंत्राचा आवाज ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणत राहतो. शाखेत जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस. हक्क दोघांना सारखाच आहे. पण एकाला तो फुकट मिळतो आणि दुसरीला त्यासाठी दिवसाची मजुरी मोजावी लागते. जोखीम जिच्यावर सर्वांत जड पडते, तिलाच ती टाळण्याचा खर्चही सर्वाधिक येतो.

म्हणूनच दार मुळात बंद असणे महत्त्वाचे. अर्थात तेवढ्याने भागत नाही. दार कोणी आणि कसे उघडले, हेही पाहावे लागते. खाते उघडताना अर्जावर डझनभर चौकोन असतात. कारकून घाईत असतो, रांग लांब असते, आणि ‘इथे, इथे आणि इथे सही करा’ असे सांगितले जाते. त्यातल्या एका चौकोनात ही सोय चालू करण्याची संमती असली, तर कागदावर नियमाचे पालन झाले असे म्हणता येईल. ग्राहकाने मात्र काहीच ठरविलेले नसेल.

या जिल्ह्याला अशा संमतीचा जुना अनुभव आहे. खोतीच्या काळात कुळाकडून कबुलायत लिहून घेतली जाई. तिच्यावर कुळाचा अंगठा असे. पण तिच्यातील अटी ठरविण्यात कुळाचा वाटा नसे आणि कित्येकदा त्या त्याला वाचूनही दाखविल्या जात नसत. कागद पाहिला तर करार दोन स्वतंत्र माणसांमध्ये झालेला दिसे. चरीच्या परिसरातील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमिनी न कसण्याचा जो संप पुकारला आणि १९३९ पर्यंत चालविला, त्यामागे खंडाच्या ओझ्याबरोबर या लादलेल्या कराराविरुद्धचा रोषही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये. बँकेचा अर्ज आणि खोताची कबुलायत यांना एकाच मापाने मोजणे चूक होईल. एका ठिकाणी माणसाचे अवघे जीवन गहाण पडत होते, दुसऱ्या ठिकाणी काही हजार रुपयांचा प्रश्न आहे. परंतु अंगठा म्हणजे संमती नव्हे, हा चरीच्या कुळांनी शिकविलेला धडा दोन्हीकडे लागू पडतो.

आता या सोयीच्या बाजूने जे म्हटले जाते त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. कामाने हात थरथरणाऱ्या वृद्धाला यंत्राची बटणे दाबणे कठीण जाते. दृष्टी अधू झालेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुष्कळ माणसे दुकानात आपला पिन मोठ्याने सांगतात आणि दुकानदारच तो यंत्रात टाकतो. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवणारेही थोडे नाहीत. ज्याचा पिन चारचौघांना माहीत आहे, त्याच्या खात्यातील सगळीच रक्कम धोक्यात असते. कारण पिन आणि कार्ड मिळाल्यावर चोर एटीएमपर्यंत जाऊ शकतो. अशा माणसाने टेकवण्याची सोय चालू ठेवून मर्यादा ३००-५०० रुपयांवर आणली आणि पिन कोणालाही सांगणे बंद केले, तर ते अधिक सुरक्षित ठरेल.

यावरून हे स्पष्ट व्हावे की या सोयीवर बहिष्कार घालण्याची हाक देणे योग्य नाही. यंत्राला विरोध करणे हे समाजवादाचे काम नव्हे. यंत्राचा वापर कोणाच्या मर्जीने आणि कोणाच्या लाभासाठी होतो हे विचारणे हे त्याचे काम आहे. व्यवहार जलद झाले तर दुकानदाराची रांग लवकर सरते. रोख रक्कम मोजण्याचा, वाहून नेण्याचा खर्च बँकेला वाचतो. हे लाभ खरे आहेत. पण ते ज्यांच्या पदरी पडतात त्यांनीच जोखमीचा भार वाहावा, हा साधा न्याय आहे.

नुकसान झाल्यास ते कोणी सोसायचे, याविषयी रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये बँकांना, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही, नियम घालून दिले. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, पण व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याचे दायित्व शून्य; चार ते सात दिवसांत कळविले तर मूलभूत बचत खात्यासाठी कमाल ५,००० रुपये, इतर बचत खात्यांसाठी १०,००० रुपये. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार मात्र बँकेवर ठेवण्यात आला. मेख आहे ती ‘हलगर्जीपणा’ या शब्दात. पिन दुसऱ्याला सांगणे हा हलगर्जीपणा म्हणता येईल. पण जेथे पिनच विचारला जात नाही तेथे बाजारात कार्ड पडणे हाही हलगर्जीपणा मानायचा काय? एक कुलूप व्यवस्थेनेच काढून ठेवल्यावर चोरीचा दोष घरधन्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. अशा व्यवहारातील नुकसान, निदान ज्याने ही सोय स्वतः मागितलेली नाही त्याच्या बाबतीत, संपूर्णपणे बँकेने सोसले पाहिजे, ही पहिली मागणी असावी.

दुसरी मागणी एकूण मर्यादेची. युरोपीय संघाच्या नियमांत एका व्यवहाराची मर्यादा ५० युरो आहे. शिवाय सलग पाच व्यवहार झाल्यावर किंवा एकूण रक्कम १५० युरोंवर गेल्यावर पिन मागितला गेला पाहिजे, अशी तरतूद आहे. दोहोंपैकी कोणती कसोटी लावायची हे बँक ठरविते. पण एक तरी लावावीच लागते. हरवलेले कार्ड त्यामुळे लवकरच निकामी होते. आपल्याकडेही एका व्यवहाराच्या मर्यादेबरोबर अशी एकूण मर्यादा नियमानेच ठरली पाहिजे. ती प्रत्येक बँकेच्या मर्जीवर सोडता कामा नये.

तिसरी मागणी अशी की, ही सोय बंद करण्याचा मार्ग शाखेच्या खिडकीवर आणि गावातील बँकमित्राकडेही असावा. एक ओळीचा मराठी अर्ज, त्याची पोच, आणि त्याच दिवशी अंमल, एवढेच पुरे आहे. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर शाखा खेड्यापर्यंत पोचल्या. बँकेने माणसाकडे जावे हा त्यामागील विचार होता. माणसाने आपल्या हक्कासाठी अॅपकडे जावे, असे म्हणणे त्या विचाराला सोडून आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. वीज आणि संपर्क पूर्ववत व्हायला अनेक ठिकाणी बरेच दिवस लागले. त्या दिवसांत घराचे पत्रे, मेणबत्त्या, किराणा यांसाठी कार्ड उपयोगाचे नव्हते, मग ते टेकवायचे असो वा यंत्रात घालायचे असो. उपयोगी पडली ती गाठीची रोख रक्कम आणि शेजाऱ्याची उधारी. तेव्हा नकाराचा हक्क खरा व्हायचा असेल तर पर्यायही जिवंत राहिले पाहिजेत. ज्याला टेकवायचे नाही त्याला पिनची वाट हवी आणि ज्याला कार्डच नको त्याला रोखीची वाट हवी. एटीएम रिकामी राहिली आणि शाखेतील खिडक्या कमी होत गेल्या, तर नाही म्हणण्याचा हक्क कागदावरच राहील.

शेवटी कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष काय करावे, हे सांगून थांबणे योग्य होईल. आपापल्या गावात, कोळीवाड्यात, आदिवासी वाडीवर, बचत गटाच्या बैठकीत लोकांना आपले कार्ड पाहायला सांगावे. चार वक्र रेषांची खूण असेल तर ही सोय चालू आहे की बंद, हे बँकेकडून विचारून घ्यायला लावावे. कारण खूण असली म्हणजे सोय चालूच असते असे नाही. ज्यांना ती नको असेल त्यांना बंद करायला मदत करावी. ज्यांना हवी असेल त्यांना मर्यादा कमी ठेवायला सांगावे. हे करताना कोणाचाही पिन विचारू नये, कोणाचे कार्ड आपल्या हातात घेऊ नये आणि फोनवर आलेला संकेतांक कोणाला वाचून दाखवायला सांगू नये. विश्वासाच्या माणसाचे रूप घेऊनच फसवणूक होते. म्हणून हे पथ्य कार्यकर्त्याने सर्वांत आधी पाळावे. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक खातेदाराचाच आहे ना, हे पाहावे. कार्ड हरवले तर ज्या क्रमांकावर कळवायचे तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. कार्डच हरवल्यावर तो हाती राहत नाही. म्हणून तो पासबुकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला लावावा. फसवणूक झालीच तर त्याच दिवशी बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

प्रत्येक तालुक्यातून अशा भेटींची नोंद वहीत ठेवली जावी : किती कार्डे पाहिली, त्यांतली किती न विचारता चालू आढळली, बंद करायला किती फेऱ्या माराव्या लागल्या. खातेदारांची नावे किंवा खाते क्रमांक त्या नोंदीत असू नयेत. ही आकडेवारी हाती असली म्हणजे बँकांच्या अधिकाऱ्यांसमोर आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत वरील तीन मागण्या मांडता येतील, आणि त्यांना उत्तर देणे टाळता येणार नाही.